नन्नाचा होकार

नन्नाचं खरं नाव केंद्राच्या हजेरीपटात होतं आणि तिथंच पडून असायचं. बाकी जगाला तो नन्ना. समोर काहीही ठेवा, त्याचा पहिला शब्द "नाही". हा आकडा बरोबर? नाही. खिडकी लावू? नाही. साहेब तुमच्यावर खूश आहेत म्हणे? नाही, असूच शकत नाहीत. कुणीतरी एकदा वैतागून "लावला यानं नन्नाचा पाढा" म्हणालं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. अशा माणसानं चौदा महिने सलग "हो" म्हटलं, तर ते शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या लक्षात यायला हवं की नको? घाईबाईच्या ते लक्षात आलं नाही. खरं सांगायचं तर आलं होतं, तिनं ते येऊ दिलं नाही.

घाईबाई हे नाव नन्नानं ठेवलेलं. ती केंद्रात आली तेव्हा चोविशीची होती, तोही तेवढाच. दोघांना मिळून एक टेबल, दोन सूक्ष्मदर्शक आणि पाय डुगडुगणारं एक कपाट मिळालं. ती बोलताना वाक्याचा शेवट गिळायची, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायची आणि मोजायला बसली की शेवटी शेवटी धावायची. "अगं घाईबाई, मासा मेलाय, तो कुठं पळून जात नाहीये," हे नन्ना तिच्याशी बोललेलं पहिलं लांब वाक्य. त्यानंतर बावीस वर्षं दोघं त्याच टेबलाशी बसली.

काम सांगायला सोपं आणि करायला डोळे फोडणारं. माशाच्या कानात एक खडा असतो, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठा. झाडाच्या बुंध्यात असतात तशी त्यात वलयं असतात, वर्षाला एक. खडा कापायचा, घासून पातळ करायचा, काचेवर चिकटवायचा आणि भिंगाखाली धरून वलयं मोजायची. मासा किती वर्षांचा होता ते कळतं, आणि असे शेकडो खडे मोजले की सरोवरातून वर्षाला किती मासे काढले तर मागे पुरेसे उरतील तेही कळतं. सरोवराच्या काठावरची सगळी गावं त्या आकड्यावर जाळी टाकत होती.

मोजायची रीतही ठरलेली. एकच काच दोघांनी वेगवेगळी मोजायची, एकमेकांशी चकार शब्द बोलायचा नाही, आकडा चिठ्ठीवर लिहून, घडी घालून बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकायचा. आठवड्याच्या शेवटी काकू डबा उघडायच्या. काकू म्हणजे खडे कापून, घासून काचा तयार करणाऱ्या तंत्रज्ञ; निवृत्तीला आलेल्या, हातांची कातडी घासपेपरानं गुळगुळीत झालेली, जीभ मात्र तशीच खरखरीत. शंभरातले सत्तर आकडे जुळायचे. उरलेल्या तीस काचांवर नन्ना आणि घाईबाई भांडायची. कडाकडा, दार उघडं टाकून, पलीकडच्या खोलीतली माणसं कामं थांबवून ऐकत बसायची. आणि बहुतेक वेळा शेवटी नन्नाचा आकडा राहायचा, कारण वलयं कडेला दाटली की घाईबाई हटकून काही गाळायची.

काकूंची एक खोड होती, किंवा शिस्त म्हणा. दर वीस काचांमागे एक जुनी, आधी मोजून झालेली काच त्या नवा नंबर लावून गुपचूप घालायच्या. वाचणारा तोच आकडा पुन्हा सांगतो की नाही, ते तपासायला. त्या काचेला त्या चोरकाच म्हणायच्या. चोरकाच कुठली, हे काकूंच्या वहीशिवाय कुणाला ठाऊक नसे.

घाईबाईला मोठा पुरस्कार मिळाला तो या सरोवरातल्या एका काळपट, जाड ओठांच्या माशामुळे. हा मासा तीस वर्षांहून जास्त जगत नाही असं सगळी पुस्तकं सांगत होती. एका खड्यावर घाईबाईनं चौतीस वलयं मोजली आणि ती खुर्चीतून उडालीच. नवा विक्रम! नन्नानं भिंगात पाहिलं आणि म्हणाला, "नाही." चौतीस नाहीत. किती आहेत? माहीत नाही, पण चौतीस नाहीत. खडा वरून बघून उपयोगाचा नाही, मधोमध आडवा तोडून, ज्योतीवर जरा भाजून बघायला हवा, असं त्याचं म्हणणं. दोन महिने तो तेच म्हणत राहिला. शेवटी तिनं चिडून खडा तोडला, भाजला, आणि वरून एक जाड रेघ वाटत होती तिथं केसासारखी बारीक वलयं एकाला एक खेटून उभी दिसली. मासा एकाहत्तर वर्षांचा होता. म्हणजे लोक आजोबांना तरणाताठा समजून ताटात वाढून घेत होते.

पुढचं सगळं लिहिणं घाईबाईनं केलं, हेही खरं. नन्नाला चार ओळी लिहायला चार दिवस लागायचे आणि पाचव्या दिवशी तो त्या खोडायचा. तिनं दहा वर्षं निबंध लिहिले, परिषदांत भांडली, हसणाऱ्यांना गप्प केलं. पुरस्काराच्या अर्जावर तिचं नाव गेलं तेव्हा कुणाला खटकलं नाही. पुरस्काराचा नियमच होता, एका वर्षी एकच माणूस. अर्जात एक रकाना होता: सहकारी असल्यास त्यांची भूमिका एका वाक्यात. तिनं आधी सात ओळी लिहिल्या. मग तिच्या मनात आलं, या सात ओळी वाचल्या तर समिती म्हणेल हे काम दोघांचं आहे, आणि दोघांना देता येत नाही म्हणून कुणालाच देणार नाही. नन्नाला तरी त्याचा काय फायदा? असं स्वतःला समजावून तिनं सात ओळी पुसल्या आणि लिहिलं: "मोजणीच्या पडताळणीसाठी एका दुसऱ्या वाचकाचे सहकार्य लाभले."

समारंभात तेच वाक्य जसंच्या तसं माईकवरून वाचलं गेलं. नन्ना तिसऱ्या रांगेत होता, घडी न मोडलेल्या नव्या सदऱ्यात, शेजारी त्याची बायको, वहिनी. तो सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होता. वहिनींचे हात मांडीवर होते. घाईबाईनं व्यासपीठावरून ते पाहिलं आणि पटकन छताकडे बघितलं, जणू तिथं काही फार महत्त्वाचं लिहिलं होतं.

मग व्हायचं ते झालं. तिला वरच्या मजल्यावर गालिचा घातलेली खोली मिळाली. लांबलांबच्या प्रयोगशाळांतून पत्रं आली, आमच्याबरोबर काम करा म्हणून. तिनं कधी न पाहिलेली माणसं निबंधावर तिचं नाव असावं म्हणून मागं लागली. नन्ना खालीच राहिला, डुगडुगत्या कपाटापाशी. काचांचा ट्रे आधी त्याच्याकडे जायचा, मग वर तिच्याकडे. जिन्यात भेटला की तो म्हणायचा, "नमस्कार मॅडम. कशा आहात?" पहिल्यांदा तिला वाटलं तो चेष्टा करतोय. दुसऱ्यांदा तिनं म्हटलं, "अरे, मॅडम काय?" तो म्हणाला, "बरोबर आहे ते." आणि तिसऱ्यांदा तिला सवय झाली. सवय इतक्या लवकर होते, याचीच खरं तर लाज वाटायला हवी.

पण खरी गोष्ट घडली ती पाहुणे आले त्या दिवशी. मासेमारी मंडळाचे अध्यक्ष, त्यांच्याबरोबर पाचसहा कोट घातलेली माणसं. सरोवराचा नवा अहवाल केंद्रानं करायचा होता, तीनशे वीस काचांचा. घाईबाईनं त्यांना खालची खोली दाखवली, एक काच भिंगाखाली सरकवली, झरझर मोजलं आणि सांगितलं, "हा बघा, बेचाळीस." नन्ना बाजूला उभा होता. सवयीनं वाकला, पाहिलं आणि म्हणाला, "नाही."

कोटवाले तिच्याकडे बघायला लागले. तिला कानशिलं तापल्यासारखी वाटली. ती हसली आणि म्हणाली, "पुरे कर आता तुझा नन्नाचा पाढा! सगळ्या जगानं हो म्हटलंय, तू तरी कधी म्हणणार?"

सगळे खोखो हसले. नन्नाही हसला. त्यानं कानामागची पेन्सिल काढून खिशात ठेवली आणि म्हणाला, "हो. बेचाळीस."

त्या दिवसापासून तो हो म्हणत होता.

तीनशे वीस काचा मोजून झाल्या. तीनशे वीसही जुळल्या. घाईबाईनं अहवालात लिहिलं, दोन वाचकांमध्ये शंभर टक्के एकमत. अध्यक्षांनी फोन करून सांगितलं की असलं सोन्यासारखं काम त्यांनी जन्मात पाहिलं नाही, गुरुवारी बैठक आहे, अहवाल मंजूर झालाच समजा. मासे आधी वाटले होते त्यापेक्षा तरुण निघाले होते, लवकर वाढणारे. म्हणजे यंदापासून दीडपट मासे काढायला हरकत नव्हती. तिच्या मनात पाल चुकचुकली. बावीस वर्षांत सत्तरच्या वर आकडे कधी जुळले नव्हते. पण तिनं त्या पालीकडे लक्ष दिलं नाही.

सोमवारी काकू वर आल्या. गालिच्यावर पाय ठेवायच्या आधी चपला काढल्या, वही टेबलावर ठेवली आणि उभ्याच राहिल्या.

"बसा ना काकू."

"बसायला नाही आले. सोळा चोरकाचा घातल्या होत्या या खेपेला. सगळ्या जुन्या, तुम्ही दोघांनी पूर्वी मोजलेल्या. तुमचे आकडे जवळपास तेच आलेत, पूर्वी चुकला होतात तिथंच चुकलायत. ते ठीक आहे, माणूस आहे. पण नन्नाचे बघा."

घाईबाईनं वहीत पाहिलं. जुन्या रकान्यात नन्नाचे आकडे: सत्तावन्न, बासष्ट, अठ्ठेचाळीस, सहासष्ट. नव्या रकान्यात: बावन्न, छप्पन्न, पंचेचाळीस, साठ. शेजारी तिचे स्वतःचे: बावन्न, छप्पन्न, पंचेचाळीस, साठ. खाली सोळापर्यंत तेच.

"वय झालंय त्याचं," ती म्हणाली. "डोळे..."

"तुम्ही दोघं एकाच वयाचे," काकू म्हणाल्या. "आणि डोळे गेले तर आकडे भलतीकडे जातील. बरोब्बर तुमच्याकडे कसे येतील?"

"म्हणजे त्यानं माझ्या चिठ्ठ्या..."

"जीभ आवरा बाई. ट्रे आधी त्याच्याकडे जातो. त्याची चिठ्ठी डब्यात पडते तेव्हा तुम्ही काच पाहिलेलीसुद्धा नसते." काकूंनी वही मिटली. "मी फक्त काचा घासते. पुढचं तुमचं तुम्ही बघा."

घाईबाई खाली गेली. पहिल्यांदाच ती जिना एकेक पायरीनं उतरली. नन्ना टेबलाशी बसून भिंग मऊ फडक्यानं पुसत होता. तिनं दार लावून घेतलं. त्या खोलीचं दार बावीस वर्षांत कुणी लावलं नव्हतं, ते नीट बसेना.

"माझे आकडे तुला कसे कळतात?" तिनं विचारलं.

नन्नानं फडक्याची घडी घातली. मग अगदी साध्या आवाजात, पत्ता सांगावा तसा म्हणाला, "पाठ आहेत. तुम्ही चाळीसपर्यंत चोख मोजता. पुढं दाटी झाली की चारात एक गाळता. मधे भेग असली तर तिथंही एक जातं. आधी मी नीट मोजतो, मग तुमचं जेवढं गळेल तेवढं वजा करतो. इतकी वर्षं शेजारी बसल्यावर एवढं यायचंच."

"आणि खरे आकडे? लिहून ठेवलेस?"

"नाही. दुसऱ्या वाचकाला कोण विचारतंय मॅडम?"

दुसरा वाचक. हा शब्द त्या खोलीत कधी कुणी वापरला नव्हता. बोलायला हवं होतं ते तिथंच, त्याच क्षणी. ते वाक्य मी लिहिलं, समितीनं नाही, एवढंच. तिनं तोंड उघडलं, मिटलं, आणि "बरं" म्हणून ती वर निघून आली. तिची घाई जिथं कामाला यायला हवी तिथं कधीच आली नाही.

संध्याकाळी घरी तिचा नवरा जेवणाच्या टेबलावर वह्या पसरून बसला होता. तो शाळेत गणित शिकवायचा आणि लाल पेन तोंडात धरल्याशिवाय त्याला विचार करता येत नसे. पुरस्काराचं पदक फ्रिजवर होतं, शेजारी किल्ल्या आणि विजेचं बिल. ती त्याच्यासमोर बसली आणि आडून विचारल्यासारखं विचारलं, "दोन मुलांचे पेपर शंभर टक्के जुळले तर तू काय करतोस?"

"बरोबर उत्तरं जुळली तर शाबासकी देतो."

"आणि चुका जुळल्या तर?"

त्यानं तोंडातलं पेन काढलं. "चुका जुळल्या तर दोघांना शून्य. उत्तर बरोबर येण्याचा रस्ता एकच असतो गं, चुकायचे हजार. दोघं एकाच जागी चुकतात म्हणजे एकानं दुसऱ्याचं बघितलं. का? काय झालं?"

"काही नाही. सहज."

सहज म्हटलं खरं, पण खाई त्याला खवखवे. झाकली मूठ सव्वा लाखाची, असंही एकदा मनात येऊन गेलं. काकू बोलणार नाहीत, नन्ना तर नाहीच नाही. गुरुवारी अहवाल मंजूर होईल, सगळे उभे राहून टाळ्या वाजवतील. चारपाच वर्षांनी जाळी रिकामी यायला लागतील तेव्हा पाण्याला, हवेला, कशालाही दोष देता येईल. आणि हे सगळं इतकं सोपं आहे हे कळल्यावर तिला स्वतःचीच भीती वाटली. तिला एवढ्या लांबवर आणलं होतं एका माणसाच्या नाहीनं. त्या एका नाहीवर तिनं नाव मिळवलं, गालिचा मिळवला आणि मग चार कोटवाल्यांसमोर मान खाली जाऊ नये म्हणून तेच नाही हसण्यावारी नेलं. त्यानं तिला शिक्षा केली नव्हती. तिनं मागितलं ते दिलं होतं.

मंगळवारी रजा टाकून तिनं घरीच पत्र टाइप केलं. मंडळाला, आणि एक प्रत पुरस्कार समितीला. सरोवराच्या अहवालातील मोजणी सदोष असून अहवाल मागे घ्यावा. दुसऱ्या वाचकाने स्वतंत्र मोजणी करावी अशी परिस्थिती मी ठेवली नाही. तसेच पुरस्काराच्या अर्जात मी सहकाऱ्याची भूमिका जाणूनबुजून कमी लिहिली. मूळ शोध त्यांच्या आक्षेपामुळे लागला. शेवटी तिनं लिहिलं: "या सर्व चुकांची संपूर्ण जबाबदारी माझी एकटीची आहे." ते वाक्य लिहून झाल्यावर तिला इतक्या दिवसांत पहिल्यांदा जरा बरं वाटलं. आपण चांगलं वागतोय असं वाटलं. खाली सहीसाठी रेघ टाकली आणि कागद छापून घेतला.

बुधवारी सकाळी ती नन्नाच्या घरी गेली. दोन जिने चढून डावीकडे. पूर्वी ती डोळे मिटून गेली असती. दार वहिनींनी उघडलं.

"या मॅडम," वहिनी म्हणाल्या. पूर्वी त्या "आलीस? ये, चप्पल आत काढ" म्हणायच्या. "टीव्हीवर छान दिसत होतात तुम्ही."

"वहिनी, नन्ना आहे?"

"स्वयंपाकघरात आहेत. नळ गळतोय. बोलवू की जाता आत?"

ती आत गेली. नन्ना बाह्या दुमडून ओट्याशी उभा होता, नळाचा वायसर बदलत होता. तिला बघून त्यानं पाना खाली ठेवला नाही.

घाईबाई वाटेत पुष्कळ ठरवून आली होती, पण शेवटी जे आलं ते एका दमात आलं. "समारंभात वाचलेलं ते वाक्य समितीचं नव्हतं. मी लिहिलं होतं. आधी सात ओळी लिहिल्या होत्या, त्या पुसल्या. मुद्दाम पुसल्या."

"माहीत आहे," नन्ना म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"'सहकार्य लाभले' असं जगात दुसरं कुणी लिहीत नाही. प्रत्येक निबंधाच्या शेवटी आभारात तेच असतं तुमचं. नाववाल्यांचे लाभले, ट्रकवाल्याचे लाभले." त्यानं पाना फिरवला. "मला वाटलं होतं, निदान वाक्य तरी वेगळं असेल."

घाईबाईला रडू येईल असं वाटलं होतं, तेही आलं नाही. ती ओट्याच्या कडेला धरून उभी राहिली. "मला माफ कर" म्हणायचं होतं, पण ते म्हणजे त्याच्याकडे आणखी एक हो मागणं झालं असतं, हे तिला ओठांवर शब्द आल्यावर कळलं. तिनं पिशवीतून पत्र काढून त्याच्यापुढे धरलं. "उद्याच्या बैठकीआधी हे जाईल. तू वाचावंस म्हणून आणलं."

नन्नानं हात पुसले. चष्मा कपाळावरून खाली ओढला. पत्र ओट्यावर ठेवून तो वाकला आणि ओळीखाली बोट धरून वाचायला लागला, खडा वाचायचा तसा, कुठंच न धावता. बादलीत थेंब पडत होते. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्याचं बोट शेवटच्या वाक्यावर आलं, पुढं सरकलं, मागं आलं आणि तिथंच थांबलं.

"नाही," नन्ना म्हणाला.

तो शब्द घाईबाईनं चौदा महिन्यांनी ऐकला.

"हे चूक आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला होता, पूर्वी तीस काचांवर चढायचा तसा. "एकटीची म्हणजे काय? खरे आकडे मला दिसत होते. दिसत असून मी तीनशे वीस वेळा खोटे लिहिले. कशासाठी? तुला दाखवून द्यायला. सरोवर रिकामं झालं असतं तर ते मी केलं असतं. तू चुकत होतीस, मी तर जाणूनबुजून करत होतो." त्यानं बोट वाक्यावर दोनदा आपटलं. "बक्षीस एकटीनं घेतलंस. आता चूकही एकटीच घेणार? जरा तरी काही वाटून घेत जा गं, घाईबाई."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. नन्नानं खिसा चाचपून पेन्सिल काढली, "माझी एकटीची" वर काट मारली आणि वरच्या बाजूला बारीक अक्षरात "आम्हा दोघांची" लिहिलं. मग सही करायला कागदाच्या खालच्या बाजूला आला आणि त्याचा हात तसाच राहिला.

खाली रेघ एकच होती. रेघेखाली घाईबाईचं नाव, हुद्दा, आणि मग कोरा कागद.

घाईबाईनं त्या रेघेकडे पाहिलं. पुरस्काराचा तो एकाच माणसाचा नियम निदान दुसऱ्या कुणीतरी केला होता. हे पत्र तर तिनं स्वतः, घरी बसून, शुद्ध मनानं टाइप केलं होतं.

नन्नानं मागं न वळता वहिनींना हाक मारली, "अगं, जरा पट्टी दे."